पंढरपूर : क्षेत्र आणि गांव

पंढरपुराविषयीं मराठींत जितकें लिहिलें गेलें आहे, तितकें त्याच्या आकाराच्या दुसऱ्या कोणत्याही गांवाविषयीं लिहिलें गेलें नसेल. सातशें वर्षांचें अभंगवाङ्मय क्षणभर बाजूस ठेविलें, तरी माहात्म्यें, संशोधनग्रंथ, प्रवासवर्णनें, सरकारी अहवाल आणि न्यायालयांचे निकाल असा मोठा ढीग समोर उभा राहतो. गेल्या दोन उन्हाळ्यांच्या सुटींत आम्हीं तो शक्य तितका चाळला. त्याचें निमित्त तसें लहान होतें. सोलापुराहून पंढरपूर सुमारें ७० किलोमीटर. तिकडचे विद्यार्थी दरसाल आमच्या वर्गांत असतात. त्यांपैकीं एकानें आम्हांस विचारलें कीं, आमच्या गांवाचा इतिहास कोणत्या पुस्तकांत वाचावयास मिळेल? आम्हीं प्राध्यापकी थाटांत चार पुस्तकांचीं नांवें तत्काळ सांगितलीं. पंधरा दिवसांनीं तो तीं वाचून परत आला व नम्रपणें म्हणाला, "सर, हीं देवाचीं पुस्तकें आहेत, आमच्या आळीचें ह्यांत कांहींच नाहीं." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढील विवेचन हें त्या दिवशीं न सुचलेलें उत्तर होय.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. 'पंढरी' आणि 'पंढरपूर' हे दोन शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों. परंतु त्यांच्या मागें दोन निरनिराळीं स्थळें आहेत. पंढरी हें क्षेत्र आहे. तेथें चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी अशा चार यात्रा भरतात; भीमा नदी तेथें चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात; तिच्या वाळवंटांत पुंडलिकाचें देऊळ आहे. पंढरपूर हें गांव आहे. तेथें नगरपालिका आहे, शाळा आहेत, गटारें आहेत, २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें लाखाला थोडी कमी अशी वस्ती आहे, आणि आषाढींत त्या वस्तीच्या कित्येक पट माणूस तिच्या अंगावर येऊन पडतो. यात्रेचे दिवस वजा केले म्हणजे वर्षाचे जे दिवस उरतात, ते ह्या गांवाचे. त्या दिवसांत तेथें काय चालतें, हें आमच्या वाङ्मयांत कोठें आहे? आमचें म्हणणें असें कीं, तें फारसें कोठेंच नाहीं. आणि जें थोडें आहे, तें साहित्यिकांनीं वा इतिहासकारांनीं लिहिलेलें नसून परक्या सरकारच्या अंमलदारांनीं व वकिलांनीं लिहिलेलें आहे.

माहात्म्यग्रंथांकडून अशी अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. क्षेत्राचा महिमा सांगणें हाच त्यांचा धर्म. ज्यांनीं पांडुरंगाचें माहात्म्य मराठींत रचिलें, त्यांत 'हरिविजय'कार श्रीधरस्वामी नाझरेकर होते. ते पंढरपुरांत राहिलेले, म्हणजे गांवकरीच म्हणावयाचे. तरी लेखणी हातीं घेतली कीं, त्यांच्या पुढें पुराणकाळ उभा राहतो, शेजारचें घर उभें राहत नाहीं. मात्र एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ह्या क्षेत्राची मूळ कथाच घरगुती आहे. एक मुलगा आईबापांची सेवा करीत बसला आहे, दारांत देव आला आहे, आणि हातांतलें काम न सोडतां मुलगा त्याला उभें राहावयास एक वीट पुढें सारतो. राजा नाहीं, राक्षस नाहीं, युद्ध नाहीं. अशा घरांतून निघालेल्या क्षेत्राच्या वाङ्मयांत पुढें घरच दिसेनासें व्हावें, ह्याचें आम्हांस नवल वाटतें. पुंडलिकाच्या देवळांतील पूजेचा मान महादेव कोळ्यांकडे आहे. मोठ्या देवळांत पिढ्यानुपिढ्या ब्राह्मण सेवेकरी होते, आणि ज्याच्यासाठीं देव येथें थांबला त्याच्या देवळांत कोळी! यात्रेकरूंस नावेंतून पैलतीरीं नेणारी जमातही तीच. गांवाच्या सामाजिक इतिहासाचें एक संबंध प्रकरण ह्या एवढ्या गोष्टींत दडलेलें आहे. माहात्म्यांत तें नाहीं. आणि माहात्म्यांची चिकित्सा करणाऱ्या पंडितांच्या ग्रंथांतही तें ओझरतेंच येतें.

ह्या पंडितांत अग्रपूजेचा मान ग. ह. खरे यांचा. त्यांच्या 'श्रीविठ्ठल आणि पंढरपूर' (१९३८) ह्या पुस्तकाच्या नांवांतच गांवाचें नांव आहे, म्हणून आम्हीं तें मोठ्या आशेनें पुन्हा उघडलें. खरे हे भारत इतिहास संशोधक मंडळाच्या शिस्तींतले. पुराव्यावांचून बोलावयाचें नाहीं, हा त्यांचा बाणा. दंतकथांच्या गर्दींतून वाट काढून ते कोरीव लेखांच्या दगडावर पाय रोवतात, आणि ह्या विषयांत पाय रोवण्यास तेवढीच एक जागा आहे. ११८९, १२३७ आणि १२७३ ते १२७७ ह्या सालांचे लेख आज आपण निःशंकपणें बोलतों, तें अशा अभ्यासकांच्या कष्टांमुळें. होयसळांचा सोमेश्वर व देवगिरीचा रामचंद्र यादव ह्या दोन्ही राजघराण्यांचा हात ह्या देवस्थानास लागला होता, हें आतां वादाच्या पलीकडचें आहे.

परंतु शेवटल्या लेखाकडे, म्हणजे ज्याला 'चौऱ्यांशीचा लेख' म्हणतात त्याकडे, जरा निराळ्या दृष्टीनें पाहावें. त्यांत रामचंद्रदेवाचें व त्याचा मंत्री हेमाद्रि याचें नांव येतें, म्हणून इतिहासकारांचे डोळे तेथेंच खिळतात. भाषेचे अभ्यासक त्यांतील तेराव्या शतकांतल्या मराठीचीं रूपें वेंचून घेतात. पण हा लेख मुळांत आहे काय? ती देणगीदारांची यादी आहे. आज एखाद्या देवळाच्या भिंतींत संगमरवरी पाटीवर 'अमक्याच्या स्मरणार्थ इतके रुपये' असें लिहितात, तेंच सातशें पन्नास वर्षांपूर्वीं येथें लिहिलें आहे. राजा त्या यादींतील एक नांव. बाकीचे कोण होते, कोणत्या गांवांचे, कोणत्या धंद्याचे, त्यांचें द्रव्य पुढें कोणाच्या हातांत जाई, हा प्रश्न गांवाच्या इतिहासाचा आहे, आणि तो विचारला जात नाहीं. भाविकांनीं मात्र ह्या लेखाशीं निराळेंच नातें जोडलें. त्या शिळेला पाठ घासली म्हणजे चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशा समजुतीनें असंख्य लोक तिला पाठ घासीत आले व अक्षरें झिजत गेलीं. संशोधकांस ही अडाणी नासधूस वाटते. आम्हांसही पूर्वीं तसेंच वाटे. आतां वाटतें कीं, एका नांवांच्या यादीवर नांव नसलेल्यांनीं ठेवलेली ती आपली नोंदच आहे.

रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) ह्या ग्रंथाविषयीं आम्हांस अत्यंत आदर आहे. गवळी-धनगरांच्या एका लोकदेवाचा हा महादेव कसा झाला, तिरुपतीच्या व्यंकटेशाशीं त्याचें नातें काय, हें त्यांनीं ज्या विस्तारानें आणि ज्या प्रेमानें दाखविलें आहे, त्याला आमच्या वाङ्मयांत जोड थोडी आहे. महाराष्ट्राच्या हद्दींत कोंडलेला विठ्ठल त्यांनीं कर्नाटक-आंध्रांपर्यंत मोकळा केला. परंतु ढेऱ्यांचा विठ्ठल जसजसा विशाल होत जातो, तसतसें पंढरपूर लहान होत जातें. शेवटीं तें केवळ ह्या सर्व प्रवाहांच्या संगमाचें एक ठिकाण उरतें. जुनी मूर्ति सोलापूर जिल्ह्यांतील माढें येथें आहे, ह्या त्यांच्या सिद्धान्तावर पुष्कळ वादंग झालें. मूळ मूर्ति कोणती, ही कीं ती, ह्यावर दोन्ही पक्षांनीं शाई खर्चिली. परचक्राच्या भयानें मूर्ति गांवाबाहेर नेली जात असे, हें मात्र सर्वांनाच मान्य. मग एक साधा प्रश्न आम्ही विचारतों : देव गांवांत नसतांना गांव काय करीत होतें? दुकानें उघडत होतीं काय? नदींत स्नानें चालत होतीं काय? देव कोणीं उचलला, कोणाच्या घरीं लपविला, परत आणण्याचा खर्च कोणीं सोसला? ज्या लोकांनीं हें केलें असेल, त्यांच्यासंबंधीं चार प्रकरणें लिहिण्याजोगी सामग्री कदाचित् सांपडणार नाहीं. पण प्रश्न तरी उभा राहिला पाहिजे होता. तो उभा राहत नाहीं, ह्याचें कारण आमच्या मतें असें कीं, वादी-प्रतिवादी दोघेही मूर्तीकडे तोंड करून उभे आहेत. गांव त्यांच्या पाठीमागें आहे.

वारीवरचें लेखन ह्याहून निराळें. तेथें माणसें आहेत, घाम आहे, चिखल आहे. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ति' ह्या संग्रहांतील 'वाटचाल' हा निबंध व दि. बा. मोकाशी यांचें 'पालखी' (१९६४) हें पुस्तक, हीं दोन्ही आमच्या गद्याचीं भूषणें आहेत. एकाच दिंडींत चालणारे लोक जेवणाच्या वेळीं जातवार फुटतात, हें पाहून इरावतीबाईंस जी टोंचणी लागली, ती त्यांनीं झांकून ठेविली नाहीं. म्हणूनच तो निबंध आजही वाचवतो. मोकाशी तर चालतां चालतां स्वतःवरच संशय घेत असतात. पण हीं दोन्ही वाटेचीं पुस्तकें आहेत. वाखरीचा मुक्काम हलला कीं लेखकाचें मन भरून येतें, आणि मन भरून आलेल्या माणसास समोरच्या घराचें दार दिसत नाहीं. ज्या दिवशीं वारकऱ्याची वाट संपते, त्या दिवशीं पंढरपूरकराचें काम शिगेस पोहोंचलेलें असतें. वारकऱ्यास वाहणारें इतकें उत्तम गद्य आम्हीं निर्माण केलें. त्याला पाणी देणाऱ्यासाठीं एक पानही खर्चिलें नाहीं.

आतां आम्ही ज्यांचा उल्लेख वर केला, त्या अंमलदारांकडे व वकिलांकडे येऊं. १८८४ सालीं निघालेल्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटियरांत पंढरपुराचें जें वर्णन आहे, तें वाचतांना एखाद्या देशी मनुष्यास थोडी लाज वाटावी. देवळाचे सोपे व ओवऱ्या, घाट, मठ, यात्रा, देवाच्या नित्याच्या पूजेचा क्रम, कोणत्या वेळीं कोणता सेवक काय करतो, सारें तेथें नोंदलेलें आहे. सरकारास हें भक्तीसाठीं हवें नव्हतें. यात्रेंतून पटकी फैलावे. यात्राकर वसूल करावयाचा असे. आणि देवाच्या उत्पन्नावरून होणारे तंटे त्याच्याच न्यायालयांत येत. हेतु कसाही असो, मोजमाप झालें. मोजणाऱ्यास प्रेम नव्हतें व प्रेम करणाऱ्यांनीं मोजलें नाहीं, अशा कात्रींत हें गांव सांपडलें आहे.

ह्या नोंदींतली सर्वांत रम्य गोष्ट म्हणजे सेवाधाऱ्यांचीं आडनांवें. विठ्ठलाच्या देवळाचा ताबा बडव्यांकडे, रुक्मिणीची सेवा उत्पातांकडे. आणि त्यांशिवाय विठ्ठलाचे सात सेवाधारी. पुजारी पूजा करी. बेणारी मंत्र म्हणे. परिचारक स्नानाचें पाणी आणी. हरिदास पदें गाई. डिंगरे देवापुढें आरसा धरी. दिवटे मशाल धरी. डांगे चोप घेऊन उभा राही. म्हणजे ह्या गांवांत आडनांव हेंच कामाचें नांव. आरसा धरणाऱ्याच्या घरांत जन्मलेला मुलगा आरसा धरण्यासाठींच जन्मलेला असे. बडवे आणि सेवाधारी यांच्यांत हक्कांवरून पिढ्यान्‌पिढ्या खटले चालले. त्या निकालपत्रांत देवाचा पोषाख, नैवेद्य, ओवाळणी, दरवाजाची किल्ली ह्यांविषयीं दोन्ही बाजूंचे लोक इतक्या बारकाईनें बोलतात कीं, कादंबरीकारानें हेवा करावा. आम्हांस आश्चर्य वाटतें तें हें कीं, एकाही कादंबरीकारानें तो केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

येथें वाचकांच्या मनांत एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. बडव्यांचा इतिहास लिहावयाचा म्हणजे त्यांची वकिली करावयाची काय? मुळींच नाहीं. चोखोबांस ह्या देवळाच्या पायरीच्या आंत पाऊल टाकतां आलें नाहीं. त्यांची समाधि आजही महाद्वाराबाहेर, नामदेवाच्या पायरीसमोर आहे. अस्पृश्य वारकऱ्यांस यात्रेंत पाठ टेकावयास जागा मिळत नसे, म्हणून गाडगे महाराजांनीं तेथें चोखामेळा धर्मशाळा उभारली व पुढें १९४९ सालीं ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. हें देऊळ हरिजनांस खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींनीं १ मे पासून १० मे १९४७ पर्यंत पंढरपुरांत उपोषण केलें. हीं सत्यें जो झांकील, त्यानें गांवाचा इतिहास लिहूं नये. पण पाहा, ह्या उपोषणाविषयीं आमच्याजवळ जें लेखन आहे, तें सर्व गुरुजींचें चरित्र म्हणून आहे. ते तनपुरे महाराजांच्या मठांत बसले होते. त्या दहा दिवसांत मठाच्या भोंवतालच्या गल्ल्यांत काय बोललें जात होतें? एका बडव्याच्या घरांत बाप आणि कॉलेजांत शिकणारा मुलगा एकमेकांशीं काय बोलले? महारवाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांस हें देऊळ खरोखरच पाहावयाचें होतें, कीं तीं म्हणत होतीं, आतां कशाला? हें कोणीं टिपून ठेविलें नाहीं. खलनायक ठरलेल्या समूहाचें मन समजून घेण्याची आम्हांस गरज वाटली नाहीं, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचेंही मन आम्हीं गृहीत धरलें. 'बडवे' हा शब्द मराठींत एक शिवी होऊन बसला. शिवीचा इतिहास लिहीत नाहींत.

अशींच दुसरीं दोन पानें कोरीं राहिलेलीं आहेत. १८७५ सालीं पंढरपुरांत एका अनाथबालकाश्रमाची स्थापना झाली. लालशंकर उमियाशंकर हे गुजराथी गृहस्थ तिच्या मुळाशीं होते व पुढें ही संस्था मुंबईच्या प्रार्थनासमाजाच्या छत्राखालीं चालली. ती पुण्यामुंबईस न निघतां येथें कां निघाली, ह्याचें उत्तर त्या काळच्या घरांत सर्वांस ठाऊक होतें व कोणीच उच्चारीत नव्हतें. अब्रूदार घरांतील बालविधवेवर प्रसंग आला म्हणजे तिला यात्रेच्या निमित्तानें ह्या गांवीं आणीत. यात्रेस जाणारीकडे कोणी संशयानें पाहत नसे. वाळवंटांत टाकलेलीं लेंकरें कोणाच्या तरी दृष्टीस पडलींच पाहिजेत. तीं ज्यांनीं उचललीं, त्यांतून आश्रम निघाला. आमच्या सुधारणावादी वाङ्मयांत विधवेच्या दुःखावर ग्रंथांचे ग्रंथ आहेत. त्या मुलांचें पुढें काय झालें, तीं कोणत्या शाळांत गेलीं, गांवानें त्यांस कोणत्या पंक्तीस बसविलें, हा भाग सुधारकांसही गैरसोयीचा वाटला असावा.

दुसरें पान अगदीं उलट रंगाचें आहे. रुक्मिणीची सेवा करणाऱ्या उत्पातांत बैठकीच्या लावणीची परंपरा होती. रंगपंचमीच्या सुमारास ते देवीपुढें लावणी गात. ज्ञानोबा उत्पात यांचें नांव जाणकारांस ठाऊक आहे, आणि सत्यभामाबाई पंढरपूरकर यांनीं अदाकारीच्या लावणीस जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तीही सर्वश्रुत आहे. टाळमृदंगाच्या गांवांत, आणि तीही पुजाऱ्यांच्या कंठीं, लावणी! शाहीर रामजोशी ज्या सोलापुरांत जन्मले, तेथें राहणाऱ्या आम्हांस ह्याचा विशेष आनंद आहे. परंतु क्षेत्रावर लिहिणाऱ्या सोंवळ्या लेखकांस हें सांगण्याचा संकोच, आणि तमाशावर लिहिणाऱ्यांस देवळांत शिरण्याचा. मधल्यामध्यें ही परंपरा दोघांच्याही पुस्तकांतून निसटली. तुळशीच्या काष्ठाच्या माळा करणारे काशीकापडी, बुक्का-अष्टगंधाचे व्यापारी, तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस बाळगणारे गवळी, १९०६ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी गांवांत आल्यावर जिचें जिणें पालटलें ती टांगेवाल्यांची व हमालांची जात, ह्या सर्वांविषयीं स्वतंत्र लिहिलें पाहिजे. आम्ही येथें नांवें घेऊन थांबतों. राजकीय इतिहासाची तर फारच गंमत. त्यांत पंढरपूर एकदांच मोठें होऊन येतें, तें जुलै १८१५ मध्यें गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा येथें खून झाला म्हणून. असो.

हा सर्व पाढा आज वाचण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. कारण हें कीं, आम्ही ज्या गांवाविषयीं बोलत आहों, तें डोळ्यांदेखत उलगडत चाललें आहे. १९६८ सालीं नेमलेल्या नाडकर्णी आयोगाच्या अहवालानंतर १९७३ चा पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला. त्यावर वर्षानुवर्षें वाद चालले. आणि जानेवारी २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांवर शेवटचा पडदा टाकला. त्याच वर्षीं मंदिर समितीनें पुजाऱ्यांच्या जागांसाठीं जाहिरात देऊन सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागविले. हें योग्यच झालें, असें आमचें स्पष्ट मत आहे. पण आरसा धरणाऱ्या घरांतील आरसा खालीं ठेविला गेला, तेव्हां सातआठ पिढ्यांचें एक ज्ञान, एक भाषा, एक भांडखोर पण जिवंत व्यवस्था संपली. तिची नोंद न्यायालयीन कागदांत आहे, वाङ्मयांत नाहीं. २०२२ पासून मंदिराभोंवतीं रुंद मार्ग व मोकळें आवार करण्याची योजना चर्चेंत आली. तिला 'कॉरिडॉर' असें नांव आहे, आणि जीं घरें-दुकानें तिच्या वाटेंत येतात, तेथील लोकांचा तिला विरोध आहे. गर्दीच्या सोयीकरितां जागा हवी, हें आम्हांस पटतें. चेंगराचेंगरीचें भय खोटें नव्हे. तथापि २०२४ सालीं देवळाच्या जीर्णोद्धारांत गाभाऱ्यांतील चांदीचा पत्रा काढून मूळ दगड मोकळा केला, तळघरांत जुन्या मूर्ति सांपडल्या, तेव्हां वर्तमानपत्रांनीं पानेंच्या पानें भरलीं. दगडाचा जुनेपणा आम्हांस तत्काळ कळतो. त्या दगडाला लागून असलेल्या वाड्याच्या माडीवर काय जुनें आहे, हें कळावयास कोणी वर चढून जावें लागतें.

आम्ही एकदां चढलों. ज्या विद्यार्थ्याचा आरंभीं उल्लेख केला, त्याचें घर देवळापासून दूर नाहीं. आषाढीकार्तिकीस त्या घरांत वारकऱ्यांचीं बिऱ्हाडें उतरतात. त्याच्या पणजोबांनीं स्वातंत्र्यापूर्वींच्या दहाबारा वर्षांपासून लिहिलेली एक लांबट वही त्यानें आम्हांस दाखविली. आरंभीं मोडी, पुढें बालबोध. दर यात्रेस कोणत्या गांवचे किती लोक उतरले, जागेबद्दल काय दिलें, इतकेंच तिच्यांत आहे. कोणी रोख दिलें, कोणी ज्वारी, कोणी एक घोंगडी. एका आषाढींत एका म्हातारीनें तांब्याचा एक गडवा 'पुढल्या वारीस नेईन' म्हणून ठेविला. पुढल्या आषाढीच्या नोंदीखालीं 'गडवा आहे' असे दोन शब्द आहेत. त्याच्या पुढल्या वर्षींही आहेत. असे अकरा वर्षें आहेत. नंतर अक्षर बदललेलें आहे व गडव्याचा उल्लेख नाहीं. आम्हीं विद्यार्थ्यास म्हटलें कीं, तुझ्या प्रश्नाचें उत्तर ह्या वहींत आहे, आतां तूंच पुस्तक लिही. तो हंसला. त्याला परीक्षा होती.

जो कोणी तें पुस्तक लिहील, त्यास आमची एकच सूचना आहे. त्यानें आरंभ एकादशीपासून करूं नये. पौर्णिमेस गोपाळपुरीं काला होतो, पालख्या परत फिरतात, आणि मग कांहीं दिवसांनीं देवळांत प्रक्षाळपूजा होते. यात्रेच्या काळांत देवाला निजावयास वेळ नसतो. त्याचा पलंग शेजघरांतून काढून ठेवलेला असतो व दर्शन अहोरात्र चालू असतें. प्रक्षाळपूजेच्या दिवशीं देवास ऊन पाण्यानें न्हाऊं घालतात, शिणवटा जावा म्हणून रात्रीं काढा देतात, आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. आमच्या विद्यार्थ्याच्या घरीं यात्रेंत सारें कुटुंब माळ्यावर राहावयास जातें, कारण खालच्या खोल्या बिऱ्हाडकरूंस दिलेल्या असतात. देवाच्या पलंगाबरोबर त्याच दिवशीं त्यांच्याही गाद्या खालीं येतात. मग त्याची आजी जमीन धुऊन घेते, बिऱ्हाडकरूंनीं विसरलेल्या वस्तु एका टोपलींत भरून कोनाड्यांत ठेवते, आणि सायंकाळीं, सबंध यात्रेंत जिला एकदांही जातां आलेलें नसतें, ती देवाला जाऊन येते.